दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं गाणं

१

आदिलाबादजवळच्या आमच्या बेल्याकडं लग्न ठरलं म्हणजे माणूस आधी ब्राह्मणाले तारीख विचारे आणि मंग मले. ब्राह्मण दोन-चार होते, भोंगे मात्र माह्या एकट्याजवळ होते. पेटीवर लाल अक्षरात 'महिपत साउंड सर्व्हिस' लिहिलेलं, आणि खाली एक मोर, कारण पेंटरले मोरच काढता येत होता. चंपतराव मांडववाला माहा भागीदार. तो वेळू आणि कापड आणे, मी आवाज आणे. सन त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या त्या दिवसांत आमची दोघांची लय चलती होती.

आता भोंगा झाडावर चढवला की आधी टेस्टिंग करा लागते. एका सालची गोष्ट, भीमपूरच्या एका लग्नात टेस्टिंगले जे हाती आलं ते सिनेमाचं गाणं मी लावलं, आणि ते निघालं विरहाचं. बाई रडून राह्यली, गाडी सुटून राह्यली, असं सगळं. नवरीची आत्या कुसुमबाई हातातल्या पिठाच्या परातीसगट धावत आली. "काऊन रे महिपत, मांडवातला पयला सूर रडका लावतं काय? पोरीच्या संसाराले काय कमी पडलं म्हणून तुहं गाणं पायजे?" मंग भांडण झालं. भांडण तसं हरेक लग्नात होते, पण त्या दिवशी ते माह्या नावावर झालं.

तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. मांडवातला पयला आवाज असा पायजे की त्याचा अर्थ कोणालेच कळला नाई पायजे. अर्थ नाई, तर अपशकुनही नाई. आणि असं गाणं माह्याजवळ एकच होतं.

२

ते मले अनंतरावांनी दिलं. आदिलाबादले सिमेंट कारखान्यात इंजिनियर होते, आपल्याच मराठी घरातले, पण भाषा निराळी, पुस्तकातली. त्यांनी कॅसेटचं मशीन घेतलं, म्हणून जुन्या रेकॉर्डी काढून टाकल्या. सगळ्या इंग्रजी, गिटारवाल्यांच्या. मी म्हटलं, साहेब, आमच्या गावात हे कोण ऐकते?

"शहरात तरी कोण ऐकतं, महिपतराव?" ते म्हणाले. "या रेकॉर्डचं पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सगळ्यांना पाठ. तेवढं ऐकतात आणि उठतात. खरा माल दुसऱ्या बाजूला आहे. शेवटून दुसरं. कोणाच्या लक्षातच राहिलं नाही बिचारं."

त्यांनी लावून दाखवलं. सुरुवातीले नुसती गिटार, कोणी ओट्यावर बसून आपल्याशीच बोलून राह्यला तशी. ढोल येतच नाई. वाटते, ढोलवाला चहा प्याले गेला. आणि मंग लाकडावर काडी वाजते, टक, टक-टक. त्याच्यानंतर सगळे एकदम येतात, आणि गाणारा अशा घोगऱ्या आवाजात सुरू होते की दिवसभर बैलं हाकून आला असावा. माह्या अंगावर काटा आला. एक शब्द कळला नाई, पण गड्यानं काही तरी गमावलं आणि तरी मजेत आहे, इतकं समजलं. गाण्याच्या शेवटी सगळे तेच तेच वाजवत राह्यतात आणि आवाज हळूहळू बारीक होत जाते.

मी विचारलं, "हे संपते कुठं?"

"संपत नाही," अनंतराव हसून म्हणाले. "ते लोक वाजवतच असतात. इकडे कोणी तरी फक्त आवाज कमी करतं. ते थांबले कधी, कोणाला माहीत?"

हे वाक्य मी गंमत म्हणूनच घरी आणलं.

३

गाणं आमच्या मुलखात असं पसरलं की विचारू नका. लोक त्याले 'टेस्टिंगचं' म्हणत. ते लागलं की समजाचं, मांडव उभा झाला. पोट्टे त्याच्यावर नाचत, बैलं कान टवकारत. यशवंतराव पाटलांची पक्की समजूत होती की हे सरकारी गाणं आहे, आणि ते उभे राहून ऐकत. माही बहीण पंचफुला तर भाकरी थापता थापता तेच गुणगुणे. शब्द तिचे तिनेच केलेले, 'हारी बाबू, हारी बाबू' असे काही तरी. कोणी हसलं तर म्हणे, "इंग्रजाले तरी कुठं समजते?"

मले एक खोड लागली. आवाज बारीक व्हाले लागला की मी ॲम्प्लिफायरचं बटन फिरवत त्याच्या मागं मागं जात होतो. रेकॉर्डवाल्यानं कमी करावं, मी वाढवावं. पयल्यांदा नुसती खरखर होती. मंग नागपूरहून मोठा ॲम्प्लिफायर आणला, तर शेपटात आणखी थोडं ऐकू आलं. कोणी तरी खाकरलं. कोणी तरी हसलं, गाता गाता हसू फुटते तसं. मले लय आनंद झाला. सगळ्या जगानं सोडून दिलेलं गाणं, आणि त्याचंही कोणी न ऐकलेलं शेपूट माह्या हाती लागलं होतं.

चंपतराव टेस्टिंग सुरू झालं की बिडी पेटवे. एक दिवस तो म्हणाला, "महिपत, आधी या गाण्यात माही अर्धी बिडी होत होती. आता पुरी जळते, आणि बोटाले चटका बसते."

"करंट कमी आहे," मी म्हटलं. "तबकडी हळू फिरून राह्यली."

"तबकडी हळू फिरली तर गाणारा रेड्यावानी ओरडला असता. तो तर बराबर गाऊन राह्यला."

चंपतरावले कशातलं काही कळत नाई, असं मी धरून चालत होतो. म्हणून मी त्याले म्हटलं, बिडी सुकी असंल. सुकी बिडी लवकर जळते, हे शास्त्र आहे.

४

सत्त्याऐंशीच्या वैशाखात पंचफुलाचं लग्न निघालं. म्हणजे दुसऱ्यांदा निघालं.

आदल्या साली एक ठिकाण जमलं होतं. मांडव उभा झाला, हळद लागली, बुंदी पाडली, आणि वऱ्हाड आलंच नाई. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मुलाले दुसरी पोरगी पसंत पडली. रिकाम्या मांडवात माह्याच भोंग्यावर माहीच रेकॉर्ड फिरत राह्यली, ते मले अजून आठवते. माय, रुख्मिणी तिचं नाव, ती त्या दिवसापासून निम्मी झाली. गावात बाया म्हणाल्या, या पोरीच्या मांडवाले पायच नाई. असं एकदा लोकांनी म्हटलं की खरं-खोटं कोणी पाहात नाई.

आता पैनगंगेच्या पलीकडचे उद्धवराव आपल्या भगवानसाठी स्वतः मागाले आले. माणूस चांगला, पोरगा हसतमुख, सासू बयनाबाई म्हणजे बोलण्यात साखर. मुहूर्त गोरजाचा, सूर्य बुडता बुडता. त्या सालचा तो शेवटचाच मुहूर्त होता. तो हुकला असता तर पोरगी जन्माची घरी, हे सगळ्यांले माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

पंचफुला मात्र हळदीच्या पाटावर बसून मलेच चिडवून राह्यली होती. "दादा, याही वेळी नाई आले तर मी तुह्या भोंग्यात राहाले जाईन. भाडं मात्र माफ कराचं."

मी हसलो. मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसले आणि पुन्हा बाहेर येऊन हसलो.

माय जवळ आली आणि म्हणाली, "महिपत, माइकवर सगळ्यांले बोलाव. मानपान पाहू नको, जात-गोत पाहू नको. यंदा या मांडवाले पाय लागले पायजेत. कोणाचेही लागोत."

५

दुपार कलल्यावर मी टेस्टिंगचं लावलं. गिटार झाली, काडी वाजली, टक, टक-टक. पोट्टे नाचले. यशवंतराव उभे राह्यले. आवाज बारीक व्हाले लागला आणि सवयीनं माहा हात बटनावर गेला. मी मागं मागं चाललो. खाकरणं आलं, हसणं आलं. त्याच्याही पुढं ते वाजवतच होते, लांब, पण साफ, जसा शेजारच्या गावचा भजनाचा आवाज वाऱ्यानं येते. मी बटन शेवटापर्यंत नेलं आणि दुसऱ्या हातानं माइक सुरू केला. मायनं सांगतलेलं डोक्यात होतं, तेवढंच.

"मंडळी," मी म्हटलं, "माही बहीण चिरंजीव पंचफुला हिचं लग्न आज गोरज मुहूर्तावर आहे. सगळ्यांले प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देता आलं नाई. तरी जिथवर हा आवाज पोचून राह्यला, तिथवरच्या सगळ्यायनं हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. कोणी मागं राहू नये."

हे वाक्य मी हरेक लग्नात म्हणतो. झोपेतही म्हणतो, असं माही बायको सांगते.

माइक खाली ठेवला तर गाणं थांबलेलं.

बंद पडलं नव्हतं. थांबलं होतं. सुई चालून राह्यली होती, तबकडी फिरून राह्यली होती, आणि भोंग्यातून कोणी तरी गिटार भिंतीले टेकवल्याचा आवाज आला. तार हलकीच छेडली गेली. खुर्ची सरकली. एकजण हळू आवाजात काही तरी बोलला, दोन शब्द, दुसऱ्यानं हुंकार देल्ला. मंग दार उघडल्यावर जसा बाहेरचा वारा आत येते तसा फुसफुसाट झाला.

तेवढ्यात शेजारचा तेलुगू शिंपी ओरडला, "करंट पोयिंदी," म्हणजे करंट गेला. सगळं गप्प झालं.

चंपतरावची बिडी हातातच होती. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "जाता जाता करंट असाच आवाज करते." त्यानं मान हलवली, पण तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाले जाऊन बसला.

६

अर्ध्या घटकेत वारं सुटलं. वैशाखातलं कोरडं वारं, कापूस निघालेल्या पऱ्हाटीच्या वावरातली सगळी धूळ उचलून आणलेली. सूर्य तांबडा झाला आणि मंग दिसेनासा झाला. समोरचं लिंबाचं झाड मले दिसत नव्हतं. भोंगे पडतील म्हणून चंपतराव आणि मी ते उतरवले, तारा सोडल्या, आणि ओसरीवर उलटे टाकून ठेवले. करंट नाई, बॅटरी आदल्या दिवशीच दुसऱ्या लग्नात उतरलेली. आमच्या गावात त्या वेळी आवाज कराचं एकही साधन जिवंत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगतो.

वऱ्हाड नदीतून येणार होतं. पात्र कोरडं होतं, वाळूतून बैलगाड्यांची वाट होती, पण असल्या धुळीत त्या वाळूत पूर्व-पश्चिम कळत नाई. वेळ जाऊन राह्यला होता. बाया गाणे म्हणता म्हणता थांबल्या. मायनं देवापुढची वात सारखी केली, पुन्हा सारखी केली. कोणी तरी कुजबुजलं, मांडवाले पायच नाई म्हणून. मले त्याचा गळा दाबावासा वाटला.

मी ओसरीवर जाऊन भोंग्याजवळ बसलो. टेकाले म्हणून त्याच्यावर हात ठेवला तर पत्रा थरथरून राह्यला होता. वारं आहे, मी म्हटलं. हात काढला. दुसऱ्या भोंग्यावर ठेवला. तोही थरथरून राह्यला होता, आणि त्या थरथरीत एक ठेका होता. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

आत नवरीच्या खोलीत गेलो. पंचफुला एकटीच बसली होती, मुंडावळ्या बांधून, आणि हातातल्या बांगड्या पाटावर वाजवून राह्यली होती. टक, टक-टक.

"काऊन गं, भेव नाई वाटत?"

"कायले वाटंल? टेस्टिंगचं वाजून राह्यलं ना. रस्ता चुकले तरी त्यायले ऐकू येईन."

"पंचफुला, करंट नाई. भोंगे खाली आहेत."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं जसा मीच बह्याड आहो. "मंग बंद करून दाखव," ती म्हणाली.

७

आणि वऱ्हाड आलं.

आधी शिवेवरून आरोळी आली, मंग धुळीतून बैलांच्या घंटा, मंग उद्धवरावांचा फेटा. सूर्य बुडाले कवडीभर वेळ होता. माय पळाली, बाया पळाल्या, ती परातवाली कुसुमबाईही पाहुणी म्हणून आलेली, तिच्या हाती कुंकवाचं ताट. मी तर रडलोच, आणि मले त्याची लाज वाटली नाई.

उद्धवरावांनी मले छातीशी धरलं. "महिपतराव, तुमचा भोंगा नसता तर आमी वाळूतच राह्यलो असतो. डोळ्याले काही दिसेना. पण तुमचं ते इंग्रजी गाणं वाजून राह्यलं होतं, थांबतच नव्हतं. मी गाडीवानाले म्हटलं, नाकाच्या नाई, कानाच्या सरळ चाल. एवढं मोठं गाणं असते काय हो?"

मी हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काय म्हणावं?

"आणि तुमी सामोरे माणसं पाठवले, तेही बरं केलं," ते म्हणाले. "नदीपासून सोबत आहेत. बोलत नाईत, पण भले लोक."

मी कोणीच पाठवलं नव्हतं. मी मागं पाह्यलं. शेवटच्या गाडीच्या मागून काही जण पायी चालत येऊन राह्यले होते. सगळ्यांसारखंच धुळीसाठी तोंडाले कापड बांधलेलं. केस मात्र खांद्यापर्यंत. अंगावरचे कपडे कोणत्या रंगाचे ते मले सांगता येत नाई, धुळीचेच म्हणा. त्यातला एकजण गाडीच्या लाकडावर दोन काड्या वाजवत चालत होता. टक, टक-टक. गाडी थांबल्यावरही हलकीच डोलत होती, आणि बैलं मान वळवून मागं पाहात होते.

कुसुमबाई ताट घेऊन त्यायच्यापाशी पोचली होती. मी आवाज द्याले तोंड उघडलं. पण काय सांगू? वऱ्हाडातल्या माणसाले कुंकू लावू नको, असं कोणी सांगते काय? तिनं रीतीप्रमाणं पायावर पाणी घातलं आणि एकेकाच्या कपाळाले बोट लावलं. आमच्या माणसांले वाटलं ते उद्धवरावांकडचे. त्यायच्या माणसांले वाटलं ते आमच्याकडचे. असा दोन्हीकडून मान मिळालेला पाहुणा मी दुसरा पाह्यला नाई.

कुसुमबाई परत आली ती बोट पदराले पुसत. "पोट्टे लय थंड आहेत बाई अंगानं," ती म्हणाली. "एवढ्या गरमीतून आले तरी."

८

मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. मांडवात पाय ठेवाले जागा नव्हती आणि माय एका कोपऱ्यात उभी राहून नुसते लोकांचे पाय पाहात होती. इतकी सुखी मी तिले कधी पाह्यली नाई. भगवान आणि पंचफुला एकमेकांकडं पाहून असे हसले की ब्राह्मणालेही मंगलाष्टक सोडून हसू आलं.

गॅसबत्तीच्या उजेडात पंगती बसल्या. शेवटच्या ओळीच्या टोकाले वाढून चंपतराव माह्याजवळ आला. "गुणाचे पाहुणे आहेत. काही मागत नाईत, नको म्हणत नाईत." पंगत उठल्यावर मी स्वतः जाऊन पाह्यलं. पत्रावळी जशाच्या तशा भरलेल्या. बुंदी होती, भात होता, वरण होतं. मी वाकलो. वरणाले वासच नव्हता. हिंगाची फोडणी मायनं माह्यासमोर घातली होती, सगळं आंगण घमघमत होतं, आणि या पत्रावळीतलं वरण पाण्यासारखं. सर्दी झाली असंल, धुळीनं होते, असं म्हणून मी त्या पत्रावळी चंपतरावले दिसाच्या आत उचलल्या.

सकाळी वऱ्हाड निघालं. आता आमच्याकडची रीत अशी की मुलीकडच्यानं वऱ्हाड्याले 'निघा' म्हणाचं नसते. 'राहा अजून' म्हणाचं. जाणारा आपल्या तोंडानं 'येतो आमी' म्हणते, तेव्हा मान फिटते. मी सगळ्यांले राहा म्हटलं. सगळे येतो म्हणाले. शेवटच्या गाडीमागं ते उभे होते. त्यायलेही म्हटलं, राहा अजून. ते काहीच बोलले नाईत. काडीवाल्यानं काडी वर केली, मीही हात वर केला. पाहुणे होते. मंग गाड्या हलल्या आणि ते पंचफुलाच्या गाडीच्या मागं मागं चालाले लागले.

दोन दिवसांनी करंट आला. मी रेकॉर्ड लावली. गिटार झाली, काडी झाली, घोगरा गाणारा गायला. आवाज बारीक व्हाची जागा आली, आणि पुढं काही नव्हतं. सुई खाचेतून चालत होती, खाच चकचकीत होती, पण आत कोणी नव्हतं. पुढचं, शेवटचं गाणं आपल्या जागी बराबर सुरू झालं.

मी रेकॉर्ड कापडात गुंडाळून आदिलाबाद गाठलं. अनंतरावांनी भिंग लावून पाह्यली. "जाड सुई वापरता तुम्ही. घासली गेली."

"साहेब, नेमकी तेवढीच घासली?"

"थांबा, तुमची शंका फेडतो. रेकॉर्ड द्यायच्या आधी मी हे गाणं कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. गेल्या महिन्यातच ऐकलंय." त्यांनी कॅसेट लावली, आवाज मोठा केला, आणि आमी चहा घेत बसलो. शेपूट आलं. कॅसेट फिरत राह्यली. खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता.

अनंतरावांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "कमाल आहे. बिस्कीट घ्या ना." तेवढंच.

९

पंचफुला दिवाळीले माहेरी आली. गाल भरलेले, हातात नव्या बांगड्या, बोलणं सुरूच. मले इतकं बरं वाटलं. पोळ्याच्या सुमारास तिची सासू बयनाबाई वारली होती, चार दिवसांच्या तापानं, आणि मी मनात धास्ती घेऊन होतो की घर सुनं पडलं असंल, पोरगी कोमेजली असंल. तसं काहीच नव्हतं.

दुपारी ती अंगणात बसून करंजीचं पीठ मळून राह्यली होती आणि गुणगुणून राह्यली होती. टेस्टिंगचंच. मी ओट्यावर ॲम्प्लिफायरचे पेच खोलून बसलो होतो. गाणं शेपटावर आलं. मले वाटलं, आता थांबंल. ती पुढं गेली. पुढं एक चाल होती जी मी जन्मात ऐकली नव्हती. ती वळली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि इतकी गोड होती की माह्या हातातला पेचकस खाली पडला. हे बी त्याच गाण्यात होतं, आणि कोणालेच माहीत नव्हतं.

"पुढचं तुले कसं येते?" मी विचारलं.

"रोजचं ऐकते ना. आमच्या मागच्या खोलीत म्हणतात ते."

"भेव नाई वाटत?"

"कायचं भेव रे, दादा? लग्नाचेच पाहुणे आहेत. तूच राहा म्हटलं त्यायले, मंग राह्यले. आमच्या यायनं त्यायच्यासाठी एक बाज टाकून देल्ली. घर कसं भरल्यासारखं वाटते." तिनं पिठाले तेलाचा हात लावला. "सासूबाईले आधी आवडत नव्हतं. डोक्शावर पदर घेऊन बसे. आता तीबी म्हणते त्यायच्यासंगं. तिचा आवाज बारीक आहे, पण चांगला लागते."

कुठं तरी शेजारी खलबत्ता वाजत होता. पंचफुला हसरीच होती, लहानपणी आंबा चोरून आणला की हसे तशी. ती सुखात होती, यात मले काही शंका नव्हती, आणि त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

"हव, बरी आठवण झाली," ती म्हणाली. "तुह्यासाठी निरोप आहे. तू त्यायले बोलावलं, आता त्यायच्याकडून तुले बोलावणं आहे. मले पाठच करून देल्लं." तिनं हात पुसले, नीट बसली, आणि लग्नात मी उभा राह्यतो तशी मान वर केली. "'प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देता आलं नाई. तरी हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. कोणी मागं राहू नये.' त्यातला काडीवाला म्हणून दाखवते, दादा. अगदी तुह्या आवाजात म्हणते रे. मले वाटलं तूच आला."

आलेल्या आमंत्रणाले नाई म्हणता येत नाई. हे आमच्याकडं शेंबड्या पोराले माहीत आहे. मी पेचकस उचलला, पुसला, आणि म्हटलं, "त्यायले माहा नमस्कार सांग. म्हणावं, महिपतले लय यावं वाटते. पण आता लग्नसराई तोंडावर आहे. सवड झाली की येतो."

"सांगते," ती म्हणाली आणि पुन्हा करंज्यांले लागली.

याले आता दहा सालं होत आली. भोंगे गेले, मोठे डबे आले, रेकॉर्डीच्या जागी कॅसेट आल्या. मी लग्न सोडत नाई, बारसं सोडत नाई, गणपती सोडत नाई, पुढाऱ्याची सभा सोडत नाई. चातुर्मासात काम नसते तेव्हा भजनवाल्यांले फुकट माइक देतो. चंपतराव म्हणते, महिपत, या वयात माणसानं थोडी सवड काढावी. मी त्याले म्हणतो, बिडी पी आणि तो वेळू नीट धर.